व्हर्च्युअल मशीनमध्ये स्वतःची ड्रुपल मॉड्यूल्स कशी सांभाळायची

ड्रुपल या पीएचपीत लिहिलेल्या वेबसाइट-प्रणालीसाठी पहिलं मॉड्यूल (तिच्यात नवी सोय जोडणारा कोड) लिहायला घेतलेला डेव्हलपर सहसा पीएचपीमुळे अडकत नाही. कोड बरोबर असतो, पण केलेला बदल ब्राउझरमध्ये दिसत नाही. आताच तयार केलेल्या फाइल्स थोड्या वेळाने गायब झालेल्या असतात. फाइलची परवानगी बदलायला जावं तर कमांड मुकाट्याने चालते आणि परवानगी मात्र होती तशीच राहते. मॉड्यूल ज्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं त्याचं आणि आपल्या लॅपटॉपचं नातं कळलं नसेल, तर अशा वेळी माणूस आपल्याच कोडवर शंका घेत बसतो. तो वेळ वाचावा म्हणून हा लेख. मॉड्यूल कसं लिहायचं हे यात नाही. लिहिलेलं मॉड्यूल कुठे ठेवायचं, कसं चालवायचं, कसं बदलायचं आणि शेवटी कसं काढायचं, ते यात आहे.

उदाहरण म्हणून ड्रुपल ११, व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) आणि व्हेग्रंट (ते मशीन कमांडवरून उभं करणारं साधन) घेतले आहेत. तुमचा लॅपटॉप म्हणजे होस्ट आणि त्यात चालणारं लिनक्स मशीन म्हणजे गेस्ट, हे दोन शब्द पुढे सतत येतील. कमांड, फाइलची नावं आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमावर उभ्या आहेत: गेस्ट मशीन कधीही पूर्ण पुसून पुन्हा उभं करता आलं पाहिजे, आणि त्यात तुमच्या मॉड्यूलची एक ओळही जाता कामा नये.

आधी ठरवा: काय कुठे राहणार

प्रोजेक्टमध्ये तीन प्रकारचा ऐवज असतो. पहिला तुमचा कोड. तो होस्टवर, गिटमध्ये. दुसरी मशीनची रचना, म्हणजे व्हेग्रंटफाइल आणि मशीनमध्ये पीएचपी, डेटाबेस वगैरे बसवणारी प्रोव्हिजन स्क्रिप्ट. तीही गिटमध्येच, कोडच्या शेजारी. तिसरा डेटा: डेटाबेस आणि साइटवर अपलोड झालेल्या फाइल्स. डेटाबेस गेस्टच्या डिस्कवर राहतो आणि मशीन पुसलं की जातो, म्हणून त्याची प्रत वेगळी काढून ठेवावी लागते.

नवख्यांकडून सर्रास होतं ते असं: ‘व्हेग्रंट एसएसएच’ करून आत शिरायचं, नॅनो किंवा व्हिम उघडायचं आणि गेस्टच्या होम फोल्डरमध्येच मॉड्यूल लिहायला लागायचं. चार दिवस सगळं सुरळीत चालतं. मग मशीन बिघडतं, कुणीतरी सांगतं ‘डिस्ट्रॉय करून परत अप कर’, आणि मॉड्यूल मशीनबरोबर जातं. त्यामुळे सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. संपादन होस्टवर, तुमच्या नेहमीच्या एडिटरमध्ये, चालवणं गेस्टमध्ये.

मशीन उभं करणं

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘व्हेग्रंट इनिट’ ही कमांड बॉक्सच्या (म्हणजे मशीनच्या तयार साच्याच्या) नावासह दिली की व्हेग्रंटफाइल तयार होते. बॉक्स निवडताना ड्रुपलच्या गरजा बघा. ड्रुपल ११ ला पीएचपी ८.३ लागतं आणि उबंटू २४.०४ मध्ये पीएचपीची हीच आवृत्ती मुळात येते, त्यामुळे बेंटोचा उबंटू २४.०४ बॉक्स घेतला तर बाहेरची पॅकेज रिपॉझिटरी जोडावी लागत नाही. बॉक्स तुमच्या प्रोसेसरला जुळणारा हवा. ॲपलच्या एम-मालिकेच्या चिपवर एआरएमसाठीचाच बॉक्स चालेल, इंटेलचा नाही.

मशीनला खासगी आयपी देताना १९२.१६८.५६ ने सुरू होणारा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.५६.१०. जुन्या लेखांत १९२.१६८.३३.१० हा पत्ता सर्रास दिसतो. पण व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून लिनक्स आणि मॅक होस्टवर होस्ट-ओन्ली नेटवर्कसाठी ठरावीक पट्टाच चालतो, त्यामुळे तो जुना पत्ता टाकला की मशीन सुरूच होत नाही.

प्रोव्हिजन स्क्रिप्टबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. ती फक्त पहिल्या ‘व्हेग्रंट अप’ला आपोआप चालते, नंतर स्क्रिप्ट बदलली तर ‘व्हेग्रंट प्रोव्हिजन’ स्वतः द्यावं लागतं. म्हणजे ती पुन्हा पुन्हा चालणार, हे धरूनच लिहायला हवी. डेटाबेस आधीच असेल तर पुन्हा बनवू नकोस, ओळ आधीच असेल तर पुन्हा जोडू नकोस, अशा अटी तिच्यात घाला. दुसरं, ती मुळात रूट म्हणून चालते. कंपोझर (पीएचपीची पॅकेजेस आणणारं साधन) किंवा ड्रश (ड्रुपल कमांड लाइनवरून चालवणारं साधन) यांच्या कमांड त्याच स्क्रिप्टमध्ये टाकल्या तर त्यांनी गेस्टच्या डिस्कवर बनवलेल्या फाइल्स रूटच्या मालकीच्या होतात आणि नंतर साध्या वापरकर्त्याला त्यांना हात लावता येत नाही. अशा कमांडसाठी वेगळा प्रोव्हिजनर लिहा आणि त्यात ‘प्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय ‘फॉल्स’ करा.

सिंक्ड फोल्डर: इथे वेळ घालवा

होस्टवरचा फोल्डर गेस्टमध्ये दिसावा म्हणून जी सोय असते ती सिंक्ड फोल्डर. व्हेग्रंट काहीही न सांगता प्रोजेक्टचा फोल्डर गेस्टमध्ये ‘/व्हेग्रंट’ या ठिकाणी लावतो. बहुतेकांना ते पुरेसं वाटतं आणि लहान मॉड्यूलसाठी पुरतंही. पण हा फोल्डर नेमका कसा लावला आहे, त्यावर तुमच्या पुढच्या अर्ध्या अडचणी ठरतात. त्यामुळे त्याचे प्रकार समजून घ्या.

व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा शेअर्ड फोल्डर दोन्ही बाजूंनी चालतो. इकडे बदललं की तिकडे दिसतं, तिकडे बदललं की इकडे. म्हणूनच गेस्टमध्ये त्या फोल्डरवर चालवलेली ‘आरएम’ तुमच्या लॅपटॉपवरची फाइल पुसते. ‘हे तर व्हर्च्युअल आहे’ म्हणून बेफिकीर राहू नका. हजारो छोट्या फाइल्स वाचताना हा फोल्डर मंदावतो, आणि ड्रुपलच्या व्हेंडर फोल्डरमध्ये (कंपोझरने आणलेल्या लायब्रऱ्यांच्या) तसल्याच फाइल्स असतात. याच्यावर ‘सीएचमॉड’ आणि ‘सीएचओन’ चालत नाहीत. फाइलचा मालक आणि परवानग्या फोल्डर लावतानाच ठरतात, म्हणून त्या व्हेग्रंटफाइलमध्येच लिहायच्या: ग्रुप ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, ‘डीमोड’ ७७५, ‘एफमोड’ ६६४. उबंटूत वेब सर्व्हर याच ग्रुपमध्ये चालतो, त्यामुळे साइटच्या ‘फाइल्स’ फोल्डरमध्ये लिहिता येत नसल्याची तक्रार इथेच मिटते.

एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घ्यायची पद्धत) यापेक्षा बराच वेगवान आहे. होस्ट लिनक्स किंवा मॅक असेल तर मी डोळे झाकून हाच सुचवतो. व्हर्च्युअलबॉक्सबरोबर वापरताना मशीनला खासगी नेटवर्क असावं लागतं आणि पहिल्यांदा होस्टचा पासवर्ड मागितला जातो. विंडोज होस्टवर व्हेग्रंटचा एनएफएस चालत नाही. तिथे शेअर्ड फोल्डर, एसएमबी किंवा आरसिंक यांतून निवड करावी लागते.

आरसिंकची जात निराळी आहे. तो होस्टवरच्या फाइल्सची गेस्टच्या डिस्कवर प्रत करतो, त्यामुळे आत सगळं सुसाट पळतं. पण तो एकाच दिशेने चालतो, होस्टकडून गेस्टकडे. शिवाय मूळ सेटिंगमध्ये तो गेस्टमधल्या अशा सगळ्या फाइल्स पुसून टाकतो ज्या होस्टवर नाहीत. हे नीट लक्षात घ्या. ‘ड्रश जनरेट मॉड्यूल’ देऊन तुम्ही गेस्टमध्ये मॉड्यूलचा सांगाडा बनवलात, फाइल्स डोळ्यांनी पाहिल्यात, आणि पुढच्या सिंकमध्ये सगळं नाहीसं झालं, तर ते या कारणाने. आरसिंक वापरत असाल तर कोड बनवणाऱ्या प्रत्येक कमांडनंतर बनलेल्या फाइल्स ताबडतोब होस्टवर आणा. तसंच प्रत ‘अप’ आणि ‘रीलोड’च्या वेळीच होते; काम करताना सतत व्हावी असं वाटत असेल तर एका टर्मिनलमध्ये ‘व्हेग्रंट आरसिंक-ऑटो’ चालू ठेवावं लागतं. ते टर्मिनल बंद झालं की सिंकही थांबतं, आणि कुणी काही सांगतही नाही.

आणखी एक गोष्ट शेअर्ड फोल्डर आणि एनएफएस दोन्हींना लागू आहे. होस्टवर फाइल बदलली हे गेस्टच्या कर्नलला आपणहून कळत नाही. फाइल बदलली की सीएसएस पुन्हा बांधणारी वॉचर टूल्स गेस्टमध्ये चालवली तर ती नुसती बसून राहतात. ती होस्टवर चालवा, किंवा त्यांचा पोलिंगचा पर्याय चालू करा.

मॉड्यूलची जागा आणि नाव

कंपोझरच्या ‘ड्रुपल/रेकमेंडेड-प्रोजेक्ट’ या साच्यातून साइट बनवलीत की ‘वेब/मॉड्यूल्स’ खाली दोन घरं ठरलेली असतात. ‘कॉन्ट्रिब’मध्ये कंपोझरने आणलेली सार्वजनिक मॉड्यूल्स, ‘कस्टम’मध्ये तुमची. ‘कॉन्ट्रिब’मध्ये हाताने काहीही लिहू नका. कंपोझर तो फोल्डर आपला समजतो आणि पुढच्या अपडेटमध्ये तुमचे बदल खुशाल पुसतो. सार्वजनिक मॉड्यूलमध्ये दुरुस्ती हवीच असेल तर पॅच फाइल बनवून ती कंपोझरकडून लावून घेण्याची सोय आहे. गिटमध्ये ‘कस्टम’ ठेवायचं. ‘कॉन्ट्रिब’, ‘कोअर’ आणि ‘व्हेंडर’ गिटच्या बाहेर, कारण कंपोझरच्या लॉक फाइलवरून (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) ते हुबेहूब परत मिळतात.

मॉड्यूलचं मशीन-नाव विचार करून ठेवा. लहान रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच, सुरुवात अक्षराने, कमाल लांबी ५० अक्षरं. हेच नाव फोल्डरला, फाइल्सना, नेमस्पेसला आणि प्रत्येक हुक फंक्शनच्या (ड्रुपल ठरावीक क्षणी स्वतः बोलावतं त्या फंक्शनच्या) सुरुवातीला लागतं, तेच डेटाबेसमध्येही नोंदलं जातं. त्यामुळे नंतर नाव बदलणं म्हणजे जुनं काढून नवं बसवणं. ‘रिपोर्ट’ किंवा ‘इव्हेंट’ अशी साधी नावं टाळा. पुढेमागे त्याच नावाचं सार्वजनिक मॉड्यूल घ्यावंसं वाटलं तर टक्कर होते. संस्थेचं किंवा प्रोजेक्टचं छोटं उपपद आधी लावा. या लेखापुरतं आपल्या मॉड्यूलचं नाव ‘एबीसी_नोंदवही’ धरू.

ड्रुपलला मॉड्यूल ओळखण्यासाठी किमान एक फाइल पुरते: मशीन-नावापुढे ‘डॉट इन्फो डॉट वायएमएल’ जोडलेली. तिच्यात नाव, ‘टाइप: मॉड्यूल’ आणि ‘कोअर_व्हर्जन_रिक्वायरमेंट’ या तीन ओळी हव्यात. तिसरी ओळ विसरली तर मॉड्यूल बसवता येत नाही. क्लासच्या फाइल्स ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये. तिथे फाइलचं नाव आणि क्लासचं नाव लहान-मोठ्या अक्षरांसकट तंतोतंत जुळलं पाहिजे. यात एक खाच आहे. विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या फाइल सिस्टिम लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाहीत, आणि शेअर्ड फोल्डरमधली फाइल शोधायचं काम शेवटी होस्टकडेच जातं. त्यामुळे नावातली चूक लिनक्स गेस्टमध्येही लपून राहू शकते आणि थेट सर्व्हरवर ‘क्लास नॉट फाउंड’ म्हणून उगवते. अशा फाइलचं नाव दुरुस्त करताना ‘गिट एमव्ही’ वापरा, नाहीतर गिटला तो बदल कळत नाही.

होस्ट विंडोज असेल तर ओळीच्या शेवटांचीही काळजी घ्या. प्रोव्हिजन स्क्रिप्टच्या ओळी व्हेग्रंट स्वतः सुधारून घेतो, पण सिंक्ड फोल्डरमधून तुम्ही आत चालवलेल्या इतर शेल स्क्रिप्ट विंडोजच्या ओळींमुळे ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत बंद पडतात. प्रोजेक्टच्या ‘डॉट गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल’ची किंमत ‘एलएफ’ लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळं सांगत बसावं लागत नाही.

कमांड नेहमी आतून

कंपोझर आणि ड्रश दोन्ही गेस्टमध्येच चालवा. होस्टवर पीएचपीची वेगळी आवृत्ती असेल तर कंपोझर तिच्या हिशोबाने पॅकेजेस निवडतो, लॉक फाइल तशी बदलते, आणि आत गेल्यावर जुळत नाही. प्रत्येक वेळी आत शिरायचा कंटाळा येत असेल तर ‘व्हेग्रंट एसएसएच’ला ‘-सी’ पर्याय देऊन अवतरणात कमांड लिहिली की ती आत चालून उत्तर बाहेर येतं. त्याच्या दोन-चार ओळींच्या स्क्रिप्ट करून ठेवल्या की टीममधला नवा माणूसही चुकत नाही. कंपोझर डॉट जेसनच्या ‘कॉन्फिग’ विभागात ‘प्लॅटफॉर्म’ खाली पीएचपी ८.३ नोंदवून ठेवलंत तर कुणी चुकून बाहेरून चालवलं तरी पॅकेजेस योग्य तीच निवडली जातील.

मॉड्यूल बसवायला ‘ड्रश पीएम:इन्स्टॉल एबीसी_नोंदवही’. जुन्या सवयीचं ‘ड्रश ईएन’ही चालतं.

बसवण्याच्या त्या एका क्षणी काय काय घडतं, हे नवख्यांना ठाऊक नसतं. मॉड्यूलमधल्या ‘कॉन्फिग/इन्स्टॉल’ फोल्डरातल्या वायएमएल फाइल्स तेव्हाच वाचल्या जातात आणि डेटाबेसमध्ये जातात. टेबलांची रचना सांगणारा स्कीमा हुक तेव्हाच चालतो. इन्स्टॉल हुकही तेव्हाच. नंतर त्या वायएमएलमध्ये तुम्ही काहीही बदला, कितीही वेळा कॅशे पुसा, साइटवर काही फरक पडत नाही. डेव्हलपमेंटमध्ये असा बदल आत घ्यायचा असेल तर ‘ड्रश कॉन्फिग:इम्पोर्ट’ला ‘पार्शल’ आणि ‘सोर्स’ हे दोन पर्याय द्यायचे आणि सोर्स म्हणून तो फोल्डर दाखवायचा. साइटवरून एक्स्पोर्ट केलेली फाइल उलट मॉड्यूलमध्ये ठेवणार असाल तर तिच्यातली ‘यूयूआयडी’ आणि ‘_कोअर’ या नोंदी आधी काढा.

मॉड्यूल काढून पुन्हा बसवणं हा दुसरा मार्ग. तो करताना कधी कधी ‘ही कॉन्फिगरेशन आधीच अस्तित्वात आहे’ असा नकार मिळतो. कारण असं: ज्या कॉन्फिगचं नाव तुमच्या मॉड्यूलच्या नावाने सुरू होतं ती काढताना पुसली जाते, पण तुमच्या मॉड्यूलने आणलेला एखादा व्ह्यू ‘व्ह्यूज’च्या नावाखाली असतो, म्हणून मागे राहतो. त्या वायएमएल फाइलमध्ये ‘डिपेंडन्सीज’ खाली ‘एन्फोर्स्ड’ लिहून आपल्या मॉड्यूलचं नाव नोंदवलं की मॉड्यूल काढताना तोही जातो.

बदल दिसत नाही तेव्हा

या प्रसंगी लोक भराभर सगळं करून बघतात: कॅशे पुसतात, मशीन रीस्टार्ट करतात, ब्राउझर बदलतात. मग बदल दिसतो, पण कशामुळे दिसला ते कळत नाही आणि उद्या पुन्हा तेच. त्यापेक्षा फाइलपासून ब्राउझरपर्यंत एकेक मुक्काम तपासत या.

फाइल गेस्टमध्ये पोहोचली का? आत जाऊन बदललेली ओळ ‘ग्रेप’ने शोधा. नसेल तर प्रश्न सिंकचा आहे, ड्रुपलचा नाही.

तीच फाइल वाचली जाते का? मॉड्यूलची दुसरी प्रत कुठेतरी पडलेली असू शकते, कधी ‘कॉन्ट्रिब’मध्ये, कधी कुणीतरी ‘कस्टम’च्या खाली ‘ओल्ड’ म्हणून ठेवलेल्या फोल्डरात. ड्रुपल मॉड्यूल्सचे उपफोल्डरही धुंडाळतं आणि एकाच नावाच्या दोन प्रतींतली एकच उचलतं. वेब फोल्डरमध्ये इन्फो फाइलचं नाव ‘फाइंड’ने शोधा, एकच उत्तर यायला हवं. जुन्या प्रती जपायला गिट आहे, त्यासाठी साइटमध्ये फोल्डर ठेवायची गरज नाही.

मग ड्रुपलचा कॅशे. नवा राउट (पानाच्या पत्त्याची नोंद), नवी सर्व्हिस, नवं प्लगइन हे सगळं ‘ड्रश सीआर’ दिल्याशिवाय ओळखलं जात नाही. एखाद्या मेथडच्या आतला कोड बदलला असेल तर त्याची गरज नसते, पण पानाचा तयार एचटीएमएल कॅशेमधून येत असेल तर परिणाम जुनाच दिसतो. ड्रुपल १०.१ पासून प्रशासनाच्या पानांत ‘डेव्हलपमेंट सेटिंग्ज’ असं पान आहे. तिथून ट्विगचा आणि रेंडर झालेल्या पानांचा कॅशे बंद करता येतो. डेव्हलपमेंटच्या मशीनवर तो बंदच ठेवा.

ड्रशमधून नवा कोड चालतोय आणि ब्राउझरमध्ये जुनाच, असं असेल तर पीएचपीच्या ऑपकॅशेकडे (एकदा वाचलेला कोड जपून ठेवणाऱ्या कॅशेकडे) बघा. कमांड लाइन आणि वेब यांचे ऑपकॅशे वेगळे असतात. कुणी प्रॉडक्शनची सेटिंग उचलून ‘व्हॅलिडेट_टाइमस्टॅम्प्स’ शून्य केलं असेल तर पीएचपी-एफपीएम रीस्टार्ट केल्याशिवाय नवी फाइल वाचलीच जाणार नाही. डेव्हलपमेंटमध्ये ती किंमत १ हवी.

पीएचपीचे बदल दिसतात आणि फक्त सीएसएस किंवा जावास्क्रिप्ट जुनी किंवा अर्धवट तुटलेली येते, अशी तक्रार असेल तर गुन्हेगार बहुधा ‘सेंडफाइल’ असतो. वेब सर्व्हर स्थिर फाइल स्वतः न वाचता कर्नलकडून थेट पाठवून घेतो, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरवर ही युक्ती फसते. इंजिनएक्समध्ये ‘सेंडफाइल ऑफ’, अपाचेत ‘एनेबलसेंडफाइल ऑफ’ लिहा. पीएचपी फाइल्स या वाटेने जातच नाहीत, म्हणून त्यांना काही होत नाही. नेमकं यामुळेच ही अडचण ओळखायला माणसाला वेळ लागतो.

एक्सडीबग (पीएचपीचा डीबगर) लावणार असाल तर त्याच्या आवृत्ती ३ पासून पोर्ट ९००३ आहे. ९००० सांगणारी माहिती जुनी. व्हर्च्युअलबॉक्सच्या एनएटीतून गेस्टला होस्ट १०.०.२.२ या पत्त्यावर दिसतो, तो ‘क्लायंट_होस्ट’मध्ये द्या. एडिटरमध्ये होस्टचा मार्ग आणि गेस्टचा मार्ग यांची जोडीही नोंदवा, नाहीतर ब्रेकपॉइंटवर थांबणार नाही.

एकच मॉड्यूल अनेक साइटवर वापरायचं असेल तर

एका साइटपुरतं मॉड्यूल साइटच्याच रिपॉझिटरीत ‘कस्टम’मध्ये ठेवा. उगाच वेगळं काढू नका. पण दुसऱ्या साइटला ते लागलं आणि तुम्ही फोल्डर कॉपी करायला निघालात, तर थांबा. कॉपी केल्या दिवसापासून दोन मॉड्यूल्स तयार होतात आणि दुरुस्ती एकातच होत राहते. त्याला स्वतःची गिट रिपॉझिटरी द्या, आत कंपोझर डॉट जेसन ठेवा आणि ‘टाइप’ म्हणून ‘ड्रुपल-कस्टम-मॉड्यूल’ लिहा, म्हणजे कंपोझर ते ‘कस्टम’मध्येच बसवेल. ‘कस्टम’मधला तेवढा फोल्डर मग साइटच्या गिटमधून वगळा.

विकसित करताना कंपोझरची ‘पाथ’ प्रकारची रिपॉझिटरी फार उपयोगी आहे. साइटच्या कंपोझर डॉट जेसनमध्ये शेजारच्या फोल्डरचा मार्ग दिला की कंपोझर तिथे सिमलिंक बनवतो आणि मॉड्यूलमधला बदल लगेच साइटवर दिसतो. आवृत्ती म्हणून ‘@डेव्ह’ मागावी लागते. अट एवढीच की तो शेजारचा फोल्डर गेस्टमध्येही दिसत असला पाहिजे. म्हणून साइट आणि मॉड्यूल्स दोन्ही एकाच सिंक्ड फोल्डरच्या पोटात ठेवा आणि मार्ग सापेक्ष लिहा. विंडोज होस्टवर शेअर्ड फोल्डरमध्ये सिमलिंक बनवायला विशेष परवानगी लागते, ती नसली तर कंपोझर सिमलिंकऐवजी प्रत करतो. ‘सिमलिंक: फॉल्स’ करून तेच मुद्दामही करता येतं, पण मग ती प्रत असते. मूळ फाइल बदलली की पॅकेज पुन्हा बसवायचं, हे ध्यानात ठेवा.

स्नॅपशॉट आणि अपडेट हुक

‘व्हेग्रंट स्नॅपशॉट सेव्ह’ने मशीनची त्या क्षणीची अवस्था जपता येते आणि ‘रिस्टोअर’ने तिथे परतता येतं. मात्र शेअर्ड फोल्डर आणि एनएफएसमधल्या फाइल्स गेस्टच्या डिस्कवर नसतात, त्यामुळे त्या स्नॅपशॉटमध्ये येत नाहीत. स्नॅपशॉट परत आणलात तर डेटाबेस कालचा होतो आणि कोड आजचाच राहतो. हे माहीत नसेल तर विचित्र एरर येतात: डेटाबेसमध्ये नसलेला रकाना कोड मागतो, वगैरे. जुना कोडही हवा असेल तर तो गिटमधून वेगळा आणा.

हाच स्वभाव अपडेट हुक तपासताना अतिशय कामाचा आहे. मॉड्यूल कुठेतरी खऱ्या साइटवर बसलं की त्यानंतर टेबलात रकाना वाढवणं, जुनी सेटिंग नव्या नावाने हलवणं हे अपडेट हुकमधून करावं लागतं, उदाहरणार्थ ‘एबीसी_नोंदवही_अपडेट_११००१’. ‘ड्रश अपडेटडीबी’ तो एकदा चालवतं, क्रमांक नोंदवतं आणि पुन्हा चालवत नाही. हुक अर्धवट लिहिला असेल आणि दुसऱ्यांदा तपासायचा असेल तर काय? हुक चालवण्याआधी स्नॅपशॉट घ्या. चालवा. चुकला तर स्नॅपशॉट परत आणा: डेटाबेस हुकपूर्वीच्या अवस्थेत आणि कोड तुमच्या ताज्या दुरुस्तीसह. पुन्हा चालवा. खऱ्या साइटच्या डेटाबेसची प्रत घेऊन हे केलंत तर तैनातीच्या दिवशी हात थरथरत नाहीत. त्या प्रतीतली लोकांची खासगी माहिती आधी ‘ड्रश एसक्यूएल:सॅनिटाइझ’ने पुसून घ्या, ती प्रत तुमच्या लॅपटॉपवर राहणार आहे.

मशीन पुसून बघा

अधूनमधून, विशेषतः टीममध्ये नवा माणूस येण्याआधी, ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ आणि मग ‘व्हेग्रंट अप’ मुद्दाम करा. आधी डेटाबेसची प्रत ‘ड्रश एसक्यूएल:डंप’ने सिंक्ड फोल्डरमध्ये काढा, पण ‘वेब’ फोल्डरच्या बाहेर, आणि ती गिटमध्ये जाणार नाही याची सोय करा. आरसिंक वापरत असाल तर ती प्रत स्वतः होस्टवर आणल्याशिवाय डिस्ट्रॉय करू नका. इतर प्रकारांत व्हेग्रंटच्या ट्रिगरने डिस्ट्रॉयपूर्वी हा डंप आपोआप काढून घेता येतो, आणि माझ्या मते ते करायलाच हवं. अपलोड झालेल्या फाइल्स गेस्टच्या डिस्कवर ठेवल्या असतील तर त्याही बाहेर काढा.

मशीन परत उभं राहिलं की ‘कंपोझर इन्स्टॉल’ आणि डेटाबेसची प्रत आत. किंवा कोरी साइट हवी असेल तर ‘ड्रश साइट:इन्स्टॉल’ला ‘एक्झिस्टिंग-कॉन्फिग’ पर्याय द्या. यानंतर मॉड्यूल चालायला काहीही हाताने करावं लागलं, एखादं पीएचपी एक्स्टेन्शन, एखादा सिमलिंक, एखाद्या फोल्डरची परवानगी, तर ती गोष्ट प्रोव्हिजन स्क्रिप्टमध्ये राहून गेली आहे. तिथेच लिहा आणि पुन्हा पुसा. एक्स्टेन्शन असेल तर ते मॉड्यूलच्या कंपोझर डॉट जेसनमध्येही गरज म्हणून नोंदवा, म्हणजे ते नसलेल्या सर्व्हरवर कंपोझर आधीच अडवेल.

मॉड्यूल काढताना

क्रम महत्त्वाचा. आधी ‘ड्रश पीएम:अनइन्स्टॉल’, मगच फोल्डर पुसायचा. स्कीमा हुकने बनवलेली टेबलं अनइन्स्टॉल करताना जातात, त्यातला डेटा हवा असेल तर आधी काढून घ्या. फोल्डर आधी पुसला तर डेटाबेसमध्ये मॉड्यूल बसलेलंच राहतं आणि ड्रुपल हरवलेल्या मॉड्यूलबद्दल इशारे देत राहतं.

सर्व्हरवर हे दोन टप्प्यांत करा. पहिल्या रिलीजमध्ये मॉड्यूल अनइन्स्टॉल करून कॉन्फिग एक्स्पोर्ट करायची. त्यात ‘कोअर डॉट एक्स्टेन्शन’ फाइलमधून त्याचं नाव निघालेलं दिसेल. कोड अजून तिथेच ठेवायचा, कारण सर्व्हरवर कॉन्फिग इम्पोर्ट होताना अनइन्स्टॉलचं काम त्याच कोडला करायचं असतं. ती रिलीज सगळीकडे पोहोचली की पुढच्या रिलीजमध्ये फोल्डर काढा. कुणी घाईने फोल्डर आधीच काढला असेल तर घाबरू नका आणि डेटाबेसमध्ये हाताने नोंदी पुसायला जाऊ नका: गिटच्या इतिहासातून फोल्डर परत आणा, कॅशे पुसा, मॉड्यूल रीतसर अनइन्स्टॉल करा आणि मग पुन्हा फोल्डर काढा.